किरकोळ सरकारी खरेदी आणि सहीची किंमत

सरकारी खरेदीतील गैरव्यवहार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोटींचे आकडे उभे राहतात. २०१५ साली राज्याच्या महिला व बालविकास खात्याने एकाच दिवशी काढलेले २४ शासन निर्णय आणि त्यांतील सुमारे २०६ कोटी रुपयांची खरेदी यांवरून केवढे काहूर उठले होते, हे अनेकांना आठवत असेल. आरोप झाले, ते फेटाळले गेले, चौकशी झाली. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून पुष्कळ लहान, म्हणूनच सहसा अग्रलेखाच्या पानावर न येणारा आहे. तहसील कचेरीतील विजेचा दिवा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रिंटरची शाई, ग्रामपंचायतीच्या नळाची तोटी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील काचेची नळी या वस्तू कोण घेतो, कोणाच्या पैशाने घेतो, आणि घेतल्याची जबाबदारी कोणावर राहते, हा तो विषय होय.

कोषागाराच्या भाषेत या खर्चाला सादिलवार किंवा आकस्मिक खर्च म्हणतात. त्यासाठी आपल्या राज्यात मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि महाराष्ट्र आकस्मिक खर्च नियम १९६५ आहेत. पैसे काढण्याचा अधिकार ज्याला आहे तो आहरण व संवितरण अधिकारी. रोजच्या बारीकसारीक खर्चासाठी त्याच्याजवळ थोडी रक्कम कायम राहते, ती स्थायी अग्रिम. तिच्यातून खर्च करावा, प्रमाणके जोडून देयक कोषागारात पाठवावे आणि तेवढी रक्कम भरून घ्यावी, अशी ही साधी, शहाणपणाची योजना आहे. दोष योजनेत नाही. कित्येक कचेऱ्यांतील अग्रिमाची रक्कम फार जुन्या काळी ठरलेली असते आणि बाजारभाव मात्र कोणासाठी थांबत नाहीत, येथे खरी अडचण सुरू होते.

मग काय होते? दिवा गेला की कारकून स्वतःच्या खिशातून दिवा आणतो. देयक मंजूर होण्यास दोन महिने लागतात. दुसऱ्या खेपेस तो खिशात हात घालीत नाही, दुकानदाराकडे उधारी करतो. उधारी करणाऱ्याला भाव पाडून मागण्याचा हक्क राहत नाही, आणि दुकानदारही व्याज धरूनच भाव लावतो. तिसऱ्या खेपेस दुकानदारच सुचवितो की, दिव्याबरोबर आणखी चार वस्तूंचे बिल करून टाकू, पुढच्या वेळी लागतील तेव्हा घेऊन जा. येथवर कोणीही पैसा खाल्लेला नाही. तरीही कागदावरील खरेदी आणि प्रत्यक्ष खरेदी यांची फारकत झाली आहे. आणि एकदा ती झाली की प्रामाणिक कारकुनाचे बिल आणि लबाड कारकुनाचे बिल लेखापरीक्षकाला सारखेच दिसू लागते. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्गात व्यवहार-खर्च नावाची एक संकल्पना शिकवितो. रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात तिचा पाया घातला. बाजारातून वस्तू मिळविण्यालाच काही खर्च येतो, हा तिचा गाभा. चारशे रुपयांची वस्तू घेण्यासाठी टिपणी, मंजुरी, दरपत्रके, साठा नोंदवही, देयक आणि कोषागाराची फेरी यांत हजार रुपयांचा मनुष्यवेळ खर्ची पडत असेल, तर नियम पाळण्याचे सोंग करणे हाच स्वस्त मार्ग ठरतो. सोंगाची सवय लागलेली कचेरी पुढे मोठ्या खरेदीतही सोंगच वठविते.

तीन दरपत्रकांची पद्धत पाहावी. स्पर्धेतून वाजवी भाव मिळावा, हा तिचा हेतू. परंतु महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर काम केलेल्या कोणालाही हे संभाषण परिचयाचे वाटेल. प्रस्तुत लेखक एकदा पनवेलच्या बाजारात दरपत्रक मागण्यास गेला असता दुकानदाराने अत्यंत सौजन्याने विचारले, “सर, एकच कोटेशन देऊ की तिन्ही देऊ?” त्याच्या खणात आणखी दोन दुकानांची कोरी लेटरहेडे होती, आणि त्यात काही वावगे आहे असे त्याच्या चेहऱ्यावर मुळीच दिसले नाही. त्याच्या दृष्टीने ती गिऱ्हाइकाची सोय होती. फायलीत मात्र तीन कागद लागतात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, समितीच्या सह्या होतात, आणि स्पर्धा झाल्याची नोंद कायमची राहते.

कार्डाचा प्रयोग

या दुखण्यावर पाश्चात्त्य देशांनी जो उपाय काढला तो सरकारी खरेदी कार्डाचा. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अडीच हजार डॉलरपर्यंतच्या खरेदीला दरपत्रकांच्या जंजाळातून मोकळे केले. ही मर्यादा पुढे अनेकदा वाढली. १९९८ पासून स्मार्टपे या नावाने बँकांची कार्डे सरकारी नोकरांच्या हाती देण्यात आली. ब्रिटननेही १९९७ मध्ये असेच कार्ड आणले. कल्पना अशी की, कार्डावर अमुक एका नोकराचे नाव, अमुक एवढी मासिक मर्यादा, अमुक प्रकारच्या दुकानांना बंदी. त्याने वस्तू घ्यावी, पावती ठेवावी, आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या वरिष्ठाने बँकेचे विवरण पावत्यांशी ताडून सही करावी. परवानगी आधी, तपासणीही आधी, ही जुनी रीत मोडून विश्वास आधी, तपासणी मागाहून, ही रीत आली.

विश्वासाचे पुढे काय झाले? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००८ मध्ये नमुन्यादाखल व्यवहार तपासले, तेव्हा सुमारे ४१ टक्के व्यवहारांत खरेदीला योग्य मंजुरी होती किंवा माल खरेदीदाराखेरीज दुसऱ्या कोणी ताब्यात घेतला होता, या दोहोंपैकी एक तरी गोष्ट सिद्ध होऊ शकली नाही. याचा अर्थ ४१ टक्के खरेदी चोरीची होती असा मुळीच नव्हे. ती चोरीची नव्हती हे दाखविण्यास कागद नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पण सार्वजनिक पैशाच्या बाबतीत हा फरक फारसा दिलासा देणारा नाही.

उलट टोकाचे उदाहरणही त्याच देशात घडले. २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या प्रशासनाने काटकसरीच्या आवेशात बहुसंख्य कार्डांची मर्यादा एक डॉलरवर आणून ठेवली. प्रयोगशाळांची रसायने अडली, राष्ट्रीय उद्यानांची साधी दुरुस्तीची कामे खोळंबली. कार्ड काढून घेतल्याने उधळेपणा किती थांबला हे कोणी सांगो, काम थांबले एवढे सर्वांना दिसले.

स्वीडनमधील प्रकरण याहून बोलके आहे. १९९५ साली उपपंतप्रधान मोना सालीन यांनी सरकारी कार्डावर काही खासगी खरेदी केल्याचे उघड झाले. त्या खरेदीत टॉब्लेरोन नावाचे चॉकलेटही होते, आणि प्रकरण त्याच नावाने गाजले. त्यांनी पैसे परत भरले होते. फौजदारी खटला झाला नाही. तरीही पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना माघार घ्यावी लागली आणि मंत्रिपदही गेले. पुढे १९९८ मध्ये त्या सरकारात परतल्या आणि २००७ मध्ये पक्षाच्या अध्यक्षही झाल्या, हा भाग वेगळा. आपल्याकडील वाचकाला प्रथम हसू येईल की, चॉकलेटापायी एवढे? पण तेथील लोकांचा आक्षेप चॉकलेटाच्या किमतीवर नव्हता. सरकारचा पैसा आणि आपला पैसा एकाच पाकिटात ठेवून नंतर हिशेब करू, या वृत्तीवर तो होता. आपल्याकडे ‘मागाहून भरून टाकू’ हे वाक्य किती कचेऱ्यांत किती निर्धास्तपणे उच्चारले जाते, याचा विचार करावा.

आपले कार्ड कोणते?

असे प्लास्टिकचे कार्ड आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांत अजून सर्रास आलेले नाही. म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे समजणे मात्र चूक ठरेल. कार्ड म्हणजे काय, तर सरकारी पैसा खर्च करण्याची एका व्यक्तीला दिलेली किल्ली. ती किल्ली आपल्याकडे दुसऱ्या रूपाने केव्हाच येऊन बसली आहे. केंद्र सरकारने २०१६ च्या ऑगस्टमध्ये जेम हा सरकारी ई-बाजार सुरू केला. महाराष्ट्र शासनानेही १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली आणि पुढे या ई-बाजाराचाही अंगीकार केला. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींना येणारा निधी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी खर्च होऊ लागला. ही स्वाक्षरी एका छोट्या डोंगलमध्ये साठविलेली असते. म्हणजे तीन गोष्टी एका नोकराच्या हाती आल्या आहेत: परवलीचा शब्द, भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी आणि डोंगल.

या व्यवस्थेची रचना मुळात फार विचारपूर्वक केलेली आहे. जेमवर मागणी नोंदविणारा एक, माल पाहून स्वीकारणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा, अशा निरनिराळ्या भूमिका ठरवून दिल्या आहेत. ग्रामपंचायतीतही एकाने देयक तयार करावे व दुसऱ्याने ते मान्य करावे, अशी दोन स्वाक्षऱ्यांची योजना आहे. हे दोन हात वेगळे ठेवण्याचे तत्त्व संगणकाहून कितीतरी जुने आहे. रोकड ज्याच्याजवळ त्याच्याजवळ रोकड वही नको, हे पेढीवरचा मुनीमही जाणत असे. परंतु प्रत्यक्षात काय घडते? साहेब दौऱ्यावर असतात, म्हणून परवलीचा शब्द कारकुनाजवळ. सरपंचांना संगणक येत नाही, म्हणून डोंगल संगणकचालकाच्या खणात. ओटीपी आला की फोनवरून सांगितला जातो. कागदावर तीन माणसांनी परस्परांना तपासलेले असते, आणि खोलीत एकच माणूस तीन खिडक्या उघडून बसलेला असतो.

याची परिणती कोठवर जाऊ शकते हे २०२४ च्या डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरमध्ये दिसले. तेथील विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून सुमारे साडेएकवीस कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. तक्रारीनुसार, महिना तेरा हजार रुपये पगारावरील एका कंत्राटी कर्मचाऱ्याने संकुलाच्या लेटरहेडवर बँकेला पत्र देऊन खात्याशी जोडलेला ई-मेल पत्ता बदलून घेतला, इंटरनेट बँकिंग सुरू करून घेतले आणि पाच-सहा महिने पैसे वळते होत राहिले. न्यायालय या प्रकरणी काय ठरवील ते ठरवील. अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाला भेडसावणारा प्रश्न निराळाच आहे. त्या पाच-सहा महिन्यांत बँकेचे मासिक विवरण रोकड वहीशी ताडून पाहण्याचे काम कोणाचे होते? महिन्याला अर्धा तासही लागला नसता असे हे काम आहे. ते नियमाने सांगितलेले आहे. ते झाले असते तर पहिल्याच महिन्यात फरक दिसला असता.

चारा घोटाळ्याची गोष्टही यापेक्षा फार वेगळी नव्हती. १९९६ च्या जानेवारीत चाईबासा येथे छापे पडले आणि प्रकरण फुटले. परंतु पशुसंवर्धन खात्याचा खर्च मंजूर तरतुदीच्या पलीकडे जात आहे, हे कोषागाराच्या आकड्यांत त्याआधीच दिसत होते. ज्यांच्या समोर आकडे होते त्यांनी ते वाचले नाहीत, वाचले त्यांनी विचारले नाही.

मार्चचा महिना

किरकोळ खरेदीची चर्चा मार्च महिन्याला वगळून होऊ शकत नाही. ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो, आणि परत गेला की पुढील वर्षी तरतूद कमी होण्याची भीती असते. त्यामुळे अकरा महिने दिव्यावाचून असलेल्या कचेरीत बाराव्या महिन्यात खुर्च्यांचे ढीग येऊन पडतात. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी वर्षअखेरीच्या या घाईला आर्थिक औचित्याचा भंग ठरविले आहे. मागणीचे तुकडे पाडून मंजुरीची पायरी चुकविण्यासही ते मनाई करतात. तरीही एकाच दुकानाची, एकाच तारखेची, मर्यादेहून थोड्याच कमी रकमेची चार बिले ज्याने पाहिली नाहीत असा लेखापरीक्षक मिळणे कठीण. अधिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण काटकसर केली तर शिक्षा आणि उधळले तर पुढील वर्षी बक्षीस, असा ज्या व्यवस्थेचा भाव आहे, तिच्यात शहाणा माणूस काय करील? अन्यथा काटकसरी असलेली माणसेही मार्चमध्ये उधळी होतात, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधू नये.

या संदर्भात कोकणातीलच एका जुन्या कागदाचे स्मरण होते. चिपळूणच्या परिसरातील छावणीच्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाच्या आज्ञेसाठी ते नेहमी उद्धृत होते. परंतु त्यातील अर्थशास्त्राकडे सहसा लक्ष जात नाही. पावसाळ्यासाठी दाणागवताचा साठा करून दिला आहे. तो आताच मन मानेल तसा उधळला तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा तो युक्तिवाद आहे. दिवा जळत ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईने ते सांगितले आहे. साठ्याला वर्षाचा शेवट ठाऊक आहे, आणि शेवटापर्यंत तो पुरविणे हे ज्याच्या ताब्यात साठा आहे त्याचे काम, हे ते सूत्र. आमच्या अंदाजपत्रकी नियमांनी हेच सूत्र उलटे केले: साठा उरला तर गुन्हा. बँकेच्या कारभारात उरलेली रक्कम पुढे ओढता येते. तालुक्याच्या कचेरीला आपल्या सादिलवार तरतुदीचा दहावा हिस्सा जरी पुढील वर्षात नेण्याची मुभा दिली, तरी मार्चमधील खुर्च्यांची आवक पुष्कळ घटेल असा माझा कयास आहे.

सही म्हणजे काय

केंद्राच्या नियमांत दरपत्रकांविना करावयाच्या छोट्या खरेदीसाठी एक प्रमाणपत्र दिलेले आहे. २०१७ च्या नियमांनी ही मर्यादा २५ हजार रुपये ठेवली होती. त्या प्रमाणपत्राचा कर्ता ‘मी’ आहे. माल योग्य दर्जाचा आहे, दुकानदार भरवशाचा आहे आणि भाव वाजवी आहे याबद्दल माझी स्वतःची खात्री झाली आहे, असे तो अधिकारी लिहून देतो. सरकारी लिखाणात ‘मी’ हा शब्द किती दुर्मिळ! आमच्या टिपण्या ‘सादर’, ‘मान्य’, ‘आदेशार्थ’ अशा कर्त्यावाचून चालणाऱ्या असतात. वाक्याला कर्ता नसला म्हणजे चुकीलाही कर्ता राहत नाही. कार्ड असो, डोंगल असो वा प्रमाणपत्र असो, या साऱ्यांचे सामर्थ्य एवढेच की ते खर्चाला एका माणसाचे नाव जोडतात. आणि नेमके हेच सामर्थ्य परवलीचा शब्द दुसऱ्याला सांगताना आपण उधळून टाकतो. ‘माझ्या नावाने त्याने केले’ हे समर्थन कोऱ्या धनादेशावर सही करून देणाऱ्याने करावे, तितकेच ते पोकळ आहे.

अर्थात ज्याच्यावर जबाबदारी टाकावयाची त्याला साधनेही द्यावी लागतात. सरपंचांना डोंगल वापरता येत नसेल तर ते शिकविणे हे जिल्हा परिषदेचे काम आहे. स्थायी अग्रिमाची रक्कम आजच्या भावाप्रमाणे वाढविणे हे खातेप्रमुखांचे काम आहे. कारकुनाने खिशातून भरलेले पैसे पंधरा दिवसांत परत मिळाले नाहीत तर तो पुढील वेळी खोटे बिल करील, हे गृहीत धरूनच कोषागाराने वागावे. पनवेलसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १८५२ साली स्थापन झालेली येथील नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, भोवतालची २९ गावे तिच्यात आली. गावच्या पंचायतीच्या कारभाराला सरावलेले नोकर एका मोठ्या, संगणकीकृत संस्थेचे नोकर झाले. अशा स्थित्यंतराच्या काळात जुनी नोंदवही बंद झालेली असते आणि नवी अंगवळणी पडलेली नसते. गळती होते ती याच फटीतून. जाता जाता एक नोंद: याच तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंड उभारण्यापूर्वी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्यांच्या नावाने येथे सभागृहे आहेत, चौक आहेत. ते हिशेबनीस होते हे मात्र कोणी सांगत नाही.

लेखापरीक्षण वर्षा-दोन वर्षांनी येते, तोवर दुकान बंद झालेले असते, वस्तू मोडलेली असते, अधिकारी बदलून गेलेला असतो. तेव्हा तपासणी जवळची आणि लवकरची हवी. ब्रिटनमधील सरकारी खाती कार्डावरील पाचशे पौंडांवरील प्रत्येक खरेदीची यादी दरमहा प्रसिद्ध करतात. आपल्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम २००५ पासून सार्वजनिक प्राधिकरणांना आपल्या खर्चाची माहिती स्वतःहून जाहीर करण्यास सांगत आहे. महिन्याच्या पाच तारखेला मागील महिन्याच्या किरकोळ खरेदीची यादी, वस्तू, भाव, दुकान आणि खरेदी करणाऱ्याचे नाव अशा चार रकान्यांत, कचेरीच्या फलकावर लावण्यास नवा शासन निर्णय लागत नाही. दिव्याचा भाव किती असतो हे त्या फलकाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तो दिवा लागला की नाही हे त्याला तेथेच वर पाहून कळते.